उपाशी वाकळ

गुरुवार, १६ ऑगस्ट १९३४. कोऱ्हाळे बुद्रुक.

पंचमी झाली. आळीतल्या सगळ्या सुना माहेरी झोके खेळतायत आणि मी इथे गोठ्यातलं शेण काढतेय. इंदापूर बघून दोन वर्षं झाली. आप्पा, म्हणजे माझे वडील, तिथल्या शाळेत मास्तर होते. माझ्या लग्नाच्या साली त्यांनी नोकरी सोडली, तेव्हा हजेरीचं एक कोरं पुस्तक माझ्या हातात दिलं होतं. "झुंबर, अक्षर मोडू देऊ नकोस," म्हणाले होते. सात वर्षं ते ज्वारीच्या कणगीमागं पडून होतं. आज काढलं. बोलायला माणूस नसलं की कागद बरा. घरात वाचता येतं ते एकट्या रावजीभावजींना, आणि माझे हे धाकटे दीर बारामतीला गुळाच्या आडतीवर असतात. तेव्हा इथे काय वाट्टेल ते लिहायला हरकत नाही. सासू खडूस आहे. हे बघा, लिहिलं! काही झालं नाही.

सासू म्हणजे धोंडाबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. आज दुपारी त्यांनी जुन्या कपड्यांचं गाठोडं माझ्यापुढं टाकलं आणि म्हणाल्या, "वाकळ धर शिवायला. चांगली मोठी. ही झाली की दिवाळीला तुला इंदापूरला धाडते. म्हैनाभर ऱ्हा बापाकडं."

"खरंच, आत्याबाई?"

"न्हाय, खोटं! शब्द हाय म्हनलं न्हवं माझा?"

महिनाभर! मी त्यांच्या पाया पडायचीच बाकी राहिले होते.

मंगळवार, २१ ऑगस्ट.

शिवायला वेगळा वेळ मला कोण देतंय! तेव्हा मधेमधे जे सापडेल ते. काल डाळ शिजेपर्यंत दोन ओळी झाल्या. आज म्हैस पान्हा सोडेना, तिची वाट बघत एक ओळ. भुईमुगाच्या शेंगा वाळत घातल्यात, त्यांच्यावर कावळे बसू नयेत म्हणून राखणीला बसले तेव्हा चार. माझ्या वाकळीवर प्रत्येक ओळीला नाव आहे, ही डाळीची, ही म्हशीची, ही कावळ्यांची.

आमच्याकडे वाकळ काठाकडून आत शिवत येतात. ओट्यावर ती अंथरायची, वर आपणच बसायचं आणि चारी बाजूंनी फेर घेत आत आत सरकायचं. शेवटी मधोमध वीतभर जागा उरते. तिथे भाकरीचा एक घास ठेवायचा आणि वरून टाके घालून बंद करायचं. वाकळ उपाशी ठेवू नये म्हणतात, तशी ठेवली तर पांघरणाऱ्याला ऊब लागत नाही. माझ्या लग्नात आत्याबाईंनी माझ्यासाठी शिवली होती, तिच्या मध्यावर सुपारीएवढी गाठ लागते. निजले की बोट आपसूक तिकडे जातं. बाई कितीही खडूस असो, त्या दिवशी तिनं माझ्यासाठी घास ठेवला होता. एवढं कबूल करायला पाहिजे.

शुक्रवार, ३१ ऑगस्ट.

आज मोठीच गोष्ट झाली. थर लावताना आत्याबाईंनी त्यांच्या सासूचं विटलेलं लुगडं काढलं, मग स्वतःचं एक काढलं, आणि मग मला म्हणाल्या, "तुझं लग्नातलं हिरवं आन."

मी बघतच राहिले. या घराची रीत मला पाठ आहे. नवी नवरी घरात यायची असली की तिच्या वाकळीत घरातल्या थोरल्या बायांचं एकेक लुगडं घालतात. माझ्या वाकळीत आत्याबाईंचं आहे, त्यांच्या सासूचं आहे. म्हणजे ही वाकळ नवरीची! आणि मी थोरल्यांत जमा!

रावजीभावजींचं जमतंय तर. कुणी मला सांगितलं नाही, पण मी काय कुक्कुलं बाळ आहे? जाऊ येणार मला. आत्याबाईंना विचारलं, "सून आणताय व्हय?" तर त्या गाठोड्यात तोंड घालून म्हणाल्या, "बघू. देवाच्या मनात आसंल तसं." मी पेटीच्या तळातून हिरवं लुगडं काढून दिलं. कापताना थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. पण सात वर्षं या घरात मी कोण होते? मूल नाही म्हणून ओटी भरायला मला मागं ठेवतात, बारशाला तर बोलवतच नाहीत. आज कुणीतरी मला थोरली म्हणालं.

यंदा आत्याबाई मुलावरून एकदाही टोचून बोललेल्या नाहीत. वयाबरोबर माणूस निवळतं म्हणायचं.

शनिवार, १५ सप्टेंबर.

आप्पांचं कार्ड आलं. अक्षर केवढालं झालंय, ओळी उतारावरून घसरल्यासारख्या. डोळे फार अधू झालेत. लिहितात: 'चि. झुंबर हीस अनेक आशीर्वाद. दिवाळीस येण्याची घाई नको. सासूबाई सांगतील तसे वागावे. मन मोठे ठेवावे. स्त्रीने घरास धरून राहावे, घर तिला धरून राहते.'

कपाळ माझं! मी लिहिलं होतं की दिवाळीला येतेय, तुमच्या हातची गूळ घातलेली खीर खायचीय. त्यावर हे उत्तर? निवृत्त झालेला मास्तर म्हणजे, शाळेतली पोरं गेली तरी धडे द्यायचे थांबत नाही. जाऊन चांगली भांडते त्यांच्याशी.

आज हे बारामतीहून आले ते माझ्यासाठी रेवडीची पुडी घेऊन. हे म्हणजे कुंडलिक, माझे यजमान. सात वर्षांत पहिल्यांदा. "कशाबद्दल?" म्हटलं तर म्हणाले, "उगंच," आणि बैलांना पाणी पाजायला गेले. बैल नुकतेच पाणी पिऊन आले होते. लाजले असतील.

गुरुवार, ४ ऑक्टोबर.

पितृपंधरवडा चालू आहे. बोटांना घट्टे पडलेत, डाव्या तर्जनीला सुई लागून लागून चाळण झालीय, चिंधी गुंडाळून शिवते. तीन फेर झालेत म्हणेपर्यंत आत्याबाई आल्या आणि आणखी एक थर घालायला लावला. "हितल्या थंडीला पुरायची न्हाय." झालं! दोन बाजू उसवल्या, नव्यानं धरल्या. मी गोठ्यात जाऊन म्हशीला सगळं सांगितलं.

कधी कधी भर दुपारी त्या वाकळीवर बसले असताना मला श्वास कोंडल्यासारखं होतं. सगळीकडे टाके, मधे मी. समोर उसाचं रान असं दाट की पलीकडचा कालवा दिसत नाही, पाण्याचा नुसता आवाज येतो. घरातून पाटापर्यंत, पाटातून घरापर्यंत. या सात वर्षांत मी याच्यापलीकडे कुठे गेले, हे बोटांवर मोजलं तर चार बोटं पुरतात. इंदापूर नसतं तर मी वेडी झाले असते. इंदापूर आहे, आप्पा आहेत, म्हणून चाललंय.

शनिवार, २० ऑक्टोबर.

काल सुप्याला जाऊन आलो. मुलगी बघायला! आत्याबाई, मी आणि गाडी हाकायला हे. भावजींना आडतीवरून सुट्टी मिळाली नाही म्हणे. म्हटलं, नवरा नाही तर नाही, थोरली जाऊ तर आहे. ह्यांनी नवा फेटा बांधला होता. गाडी हाकायला फेटा कशाला, म्हणून मी हसले. त्यांना हसू आलं नाही.

सुप्याकडे सगळं कोरडं रखरखीत. तीन वर्षं पाऊस नाही. त्या घरात पाच पोरी, ही पाचवी. नाव नकोशी. मुलगा पाहिजे होता आणि पोरगीच झाली की ठेवतात तसलं. मला फार कसंतरी झालं. पंधरावं लागलं म्हणतात, मला तर ती तेराचीच वाटली. माझ्या कानापर्यंत पण येत नाही. पोहे घेऊन आली तेव्हा ताटली वाजत होती.

मग आत्याबाईंनी कुंकवाचा करंडा माझ्या हातात दिला. "तू लाव." मी थबकले. एरवी मला कुणी शुभकार्याला हात लावू देत नाही. पोरीचा बाप म्हणाला, "त्यास्नीच लावू द्या. त्यांच्याच हातनं पायजे. म्हंजे उद्या आमाला घोर न्हाय." मी दोन बोटांनी कुंकू लावलं आणि म्हटलं, "भिऊ नको गं, मी सख्ख्या बहिणीसारखी सांभाळीन." मनापासून म्हटलं. तर पोरीची आई एकदम माझ्या पायांशी वाकली, माझे दोन्ही हात धरून रडायला लागली. "बाई, तुमचं काळीज मोठं. तुमच्या पदरात घातली बगा."

सासूला सोडून जावेच्या पाया पडायचं? गरीब भोळी माणसं. येताना मी आत्याबाईंना म्हटलं, "मुलगी चांगली आहे, पण भावजींना फार लहान नाही का वाटत?" आत्याबाई तोंडात तंबाखू धरून बसल्या होत्या, थुंकल्या नाहीत. ह्यांनी बैलांना उगाच चाबूक मारला.

मंगळवार, ३० ऑक्टोबर.

आज अक्षर मोडतंय.

दुपारी बिबीजान आली. बारामतीची कासारीण, महिन्या-दोन महिन्यांनी बांगड्यांची टोपली घेऊन येते, सुया-दोराही तिच्याकडूनच घेते मी. माझी एकच मैत्रीण म्हणायची ती. आत्याबाई मळ्यात होत्या. मी वाकळीवर बसले होते, मध्यावर फक्त दीड वीत राहिलंय. चार दिवसांत होतेय, मग दिवाळी, मग इंदापूर, असं मी तिला सांगत होते. तिनं टोपलीतून हिरव्या बांगड्या काढल्या, लहान मापाच्या. "धोंडाबाईनं सांगितल्यात, सुप्याच्या पोरीच्या."

मी म्हटलं, "आण, मी ठेवते. रावजीभावजींची नवरी बारीक आहे गं हाताची."

बिबीजान माझ्याकडं बघतच राहिली. "कुणाची?"

"रावजीभावजींची."

"या अल्ला! झुंबर, तुला कुनीच सांगितलं न्हाय व्हय?" तिनं टोपली खाली ठेवली. "अगं खुळे, रावजीचं कुटं काय? पोरगी कुंडलिकाला केलीया. आख्ख्या कोऱ्हाळ्याला ठाव हाय. तू सोता जाऊन कुंकू लावून आलीस, म्हनून लोक तुझं नाव घेत्यात की, केवढी बाई!"

मी सुई टोचलेल्या बोटाकडे बघत बसले. चिंधीवर रक्त पसरत होतं, ते हिरव्या लुगड्यावर पडू नये म्हणून मी हात बाजूला धरला. माझ्याच लग्नातलं लुगडं. आणि मला एवढंच सुचलं, की डाग पडेल.

बुधवार, ३१ ऑक्टोबर.

ह्यांना विचारलं. गोठ्यात गाठलं, पळायला जागा नव्हती. "खरं का?"

पायाच्या अंगठ्यानं शेण उकरत म्हणाले, "आई म्हनली, तुला ठाव हाय."

"मला कोण सांगणार होतं? म्हैस?"

"तू कुंकू लावलंस न्हवं? मला वाटलं, तू हो म्हनलीस."

सात वर्षं या माणसाचं जेवण निवू दिलं नाही मी. म्हटलं, "तुमी तरी एक शब्द बोलायचा." तर मान खाली घालून म्हणाले, "कसं बोलायचं?" राग यावा तर समोर माणूस पाहिजे. तिथे नुसता फेटा होता.

आत्याबाई अजिबात दबल्या नाहीत. "घराला वारस नको? तुला कोन हाकलतंय? थोरली म्हनून ऱ्हा, चूल तुझी, दूधदुभतं तुझं. आनि पंचांसमोर सांगितलंय, थोरलीनं सोता पसंत केली. आता मागं सरलीस तर पोरीची अब्रू गेली." म्हणजे ते कुंकू मी तिला नाही, मलाच लावून घेतलं.

आप्पांना पत्र टाकलं. मी येतेय, कायमची. गाडीची वाट बघत बसणार नाही, चालत येईन.

शनिवार, १० नोव्हेंबर.

दिवाळी गेली. पणत्या मी लावल्या, करंज्या मी तळल्या.

आप्पांचं कार्ड आलं. अक्षर त्यांचं नाही, शेजारच्या कुणाकडून लिहून घेतलंय. उतरवून ठेवते, म्हणजे मला रोज वाचता येईल आणि रोज चीड येईल.

'चि. झुंबर हीस आशीर्वाद. तुझ्या सासूबाईंनी आषाढातच निरोप धाडून विचारले होते. मी होकार दिला. तुला कळविण्याचे धैर्य झाले नाही. बाळ, उजव्या डोळ्याने आता काही दिसत नाही, डाव्याने सावल्या दिसतात. मी आज आहे, उद्या नाही. मग इंदापुरात तुला कोण? मी त्यांच्याकडून एवढा शब्द घेतला आहे की तुला घराबाहेर काढणार नाहीत, मरेपर्यंत भाकर देतील. याहून अधिक मला मिळविता आले नाही. येऊ नकोस. आलीस तर तो शब्द मोडेल.'

आषाढात! म्हणजे पंचमीच्या आधी. मी वाकळीचा पहिला टाका घातला, त्याच्याही आधी. मी इंदापूरसाठी शिवत होते आणि इंदापूर कधीचंच बंद झालं होतं.

पुन्हा पुन्हा वाचलं. चीड आली नाही. त्यांनी ते कुणाला तरी सांगून लिहवलं, सगळं त्या माणसासमोर बोलले, हे आठवून मी मोरीत बसून रडले.

सोमवार, १२ नोव्हेंबर.

वाकळ पुरी झाली. मध्यावर वीतभर राहिलं तेव्हा आत्याबाईंनी भाकरीचा तुकडा आणून दिला, "घे, घास घाल," आणि लाकडं आणायला गेल्या. मी तो तुकडा कोंबडीला टाकला. मधलं तोंड तसंच टाके घालून बंद केलं, घट्ट, दोन-दोन वेळा.

"घातलास न्हवं?"

"घातला."

राहू दे उपाशी. मला कुणी विचारलं होतं का भूक आहे म्हणून? वाईट वाटायला पाहिजे होतं, वाटलं नाही. उलट पंधरवड्यात पहिल्यांदा मी दोन भाकरी खाल्ल्या.

मंगळवार, २७ नोव्हेंबर.

लग्न झालं. सुप्याला. मी गेले नाही. उंबऱ्यावर माप मी ठेवलं.

शनिवार, १ डिसेंबर.

पोरीला मी अजून नावानं हाक मारलेली नाही. 'ए' म्हणते. ती मला आक्का म्हणते. वर्षभर ती आत्याबाईंजवळच निजणार आहे, फार लहान आहे म्हणून. तेवढी तरी अक्कल आहे घरात.

तिला पाटाचं वेड लागलंय. सुप्याला दोन मैलांवरून पाणी आणायची म्हणे, इथे पाट वाहताना बघून काल ती घागर भरायची विसरली आणि काठावर बसून राहिली. आत्याबाईंनी पाठीत धपाटा घातला. आज पुन्हा बसली. मला म्हणाली, "आक्का, ह्ये समदं पानी रोज येतं? कुनाला न विचारता?"

मला ही पोरगी आवडता कामा नये.

मंगळवार, ४ डिसेंबर.

बिबीजान आली होती. तिचा नवरा अमीर बारामती-इंदापूर मोटारीवर क्लीनर आहे. तिनं सगळं ठरवूनच आणलंय. गुरुवारी बारामतीचा बाजार, तिच्या दिराची गाडी सकाळी मारुतीपाशी थांबते, तीही त्यातच असेल, सोबत बसायचं. बारामतीत अमीर मोटारीत जागा धरून ठेवील.

"आप्पा येऊ नको म्हणतायत गं."

"बाप हाय तुझा. पत्रात म्हनंल येऊ नको. दारात उभी ऱ्हायलीस की त्याच्या तोंडातनं न्हाई निघतंय का, बघ. त्याला भाकरी थापून घालायला तरी कोन हाय? आंधळ्या मानसाला?"

हे मला सुचलंच नव्हतं! आप्पा म्हणतायत तुला कोण, पण त्यांना तरी कोण? मी गेले तर त्यांना वाचून दाखवीन, हाताला धरून देवळात नेईन. माझी तिथे गरज आहे. इथे कुणाला माझी गरज आहे?

गुरुवारी जायचं. पक्कं. हे लिहून ठेवते म्हणजे मागं सरता येणार नाही.

बुधवार, ५ डिसेंबर.

दुपारी वाकळ उन्हाला टाकली होती. वळून बघते तर पोरगी तिच्यावर पालथी पडून मधोमध चाचपतेय. एकेका बोटानं, सावकाश, डोळ्यात गेलेलं कुसळ शोधावं तसं.

"काय हरवलं गं?"

ती दचकून उठली. "काय न्हाय, आक्का." मग थोड्या वेळानं, "आईनं सांगितलं व्हतं. म्हनली, सासरी गेलीस की वाकळीच्या मधी बोट लावून बग. घास लागला तर समज, त्या घरात कुनाला तरी तू पायजे हायेस. माझं नाव आसलं, म्हनून आई म्हनली." तिनं पुन्हा मधे बोट लावलं. "रोज बगते. मला घासच लागंना."

मी म्हटलं, "थर जास्त आहेत. खोल गेला असेल."

"व्हय?" तिनं माझ्याकडे बघितलं. पोरगी खुळी नाही. "आसंल," म्हणाली आणि घागर घेऊन पाटावर गेली.

माझ्या हातून आज भाकरी करपली. मी काही तिला आणलेली नाही. मी कुणाचंही वाईट केलेलं नाही. जे केलं ते मला न विचारता माझ्याकडून करवून घेतलं. एक घास सोडून. ते मात्र मी स्वतः केलं.

उद्या सकाळी निघायचं आहे.

गुरुवार, ६ डिसेंबर.

आत्याबाई आणि हे पहाटेच उसाला पाणी द्यायला गेले. मी गाठोडं बांधलं. दोन लुगडी, आप्पांची कार्डं, हे पुस्तक, आणि वाटेला दोन भाकरी आणि चटणी. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं आणि ओट्यावर बघितलं तर ती वाकळ पांघरून गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. कुडकुडत होती. माणसं म्हणतात ते खरं का खोटं मला माहीत नाही. सकाळची थंडी होती, एवढंच असेल.

"आक्का, बाजारला?"

"व्हय."

"कवा येनार?"

मी मारुतीकडे बघितलं. गाडी अजून आली नव्हती. म्हटलं, दोन टाक्यांचं तर काम आहे. गाठोडं खाली ठेवलं, विळीवर मधले टाके कापले. दोन-दोन वेळा घातलेले, निघता निघेनात. माझंच काम, मलाच शिव्या. ती तोंडावर हात ठेवून बघत होती. आत बोट घातलं तर माझं हिरवं लुगडं लागलं, अजून मऊ.

"भाकरी बघ त्या गाठोड्यात."

तिनं गाठ सोडली. भाकरी हातात घेऊन लुगड्यांकडे बघितलं, कार्डांकडे बघितलं, पुस्तकाकडे बघितलं. बाजारला कुणी दोन लुगडी नेत नाही. तिनं भाकरीचा मोठा तुकडा मोडून पुढं केला.

"एवढा नको. एक घासच. जास्त झाला की मुंग्या लागतात."

मी घास आत सारला. सुईत दोरा जाईना. तिनं ओवून दिला. तेवढ्यात कोपऱ्यावरून बिबीजानची हाक आली, "झुंबर, ए झुंबर! चल की गं, बैल थांबत न्हायती!" आणि या पोरीनं माझा पदर धरला. धरलाय हे तिच्या ध्यानातसुद्धा नव्हतं, दुसऱ्या हातानं ती वाकळीचं तोंड माझ्यासाठी मिटून धरत होती.

"आले, आले!" मी ओरडले. "एवढं शिवते आणि आले!"

पाच-सहा टाके मी घातले. शेवटचा तिला घालायला लावला. वाकडा आला. तिनं बोट ठेवून बघितलं, पुन्हा बघितलं, आणि माझ्याकडे बघून अशी हसली, की मला तिचा इतका राग आला, इतका राग आला, की मी तिला जवळ घेतलं. नकोशी, नकोशी म्हणून रडत बसले. ते नाव मी बदलणार आहे. आप्पांना विचारून चांगलंसं ठेवीन.

उरलेली भाकरी आम्ही दोघींनी ओट्यावरच चटणीशी खाल्ली.

बिबीजान फार चिडली. गाडी निघताना म्हणाली, "तू जन्मात येनार न्हायस." काहीतरीच बोलते. पुढच्या गुरुवारी नक्की येते असं मी तिला सांगितलंय. तोवर पोरीला निदान वाकळीचा टाका तरी नीट घालायला शिकवते. गाठोडं मी सोडलेलं नाही. फक्त हे पुस्तक काढलं, लिहायला लागतं म्हणून. आणि जाड लुगडं काढलं, सकाळी थंडी फार असते.